वाचकांचे प्रश्न : शाळेच्या एका वर्षाविषयी

मागील अंकात आमच्या शाळेच्या २०२३-२४ या वर्षाविषयी मी लिहिले होते. बालाघाटच्या डोंगररांगेतील एका गावातली ही जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा आहे. पहिली ते चौथीचे वर्ग, पटावर ४१ मुले, आणि शिकवायला मी व माझे सहकारी गुरुजी. त्या वर्षी आम्ही एक गोष्ट नेमाने केली. प्रत्येक मुलाच्या नावाची शंभर पानी वही घातली आणि त्या मुलाला आज काय आले व आज ते कसे होते, या दोन्ही गोष्टी एकाच पानावर, एकाखाली एक लिहीत गेलो. रोज सात-आठ मुलांची नोंद होई, म्हणजे आठवड्यात प्रत्येक मुलाकडे एकदा तरी नीट पाहणे होई. त्या लेखावर बरीच पत्रे आली. त्यांतील काही प्रश्न येथे घेते. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मुलांच्या मनाची काळजी घ्यावी हे मान्य आहे, पण माझा मुलगा तिसरीत आहे आणि त्याच्या शाळेत गोष्टी, गाणी व खेळ यांतच आठवडा सरतो असे मला वाटते. भावनिक विकासाच्या नादात अभ्यास मागे पडत नाही का? (एक पालक, कराड)

आपली काळजी रास्त आहे. गोष्टी आणि खेळांत आठवडा जात असेल आणि तरीही तिसरीतल्या मुलाला वाचता येत नसेल, तर ती शाळा त्याच्या मनाचीही काळजी घेत नाही, असे मी म्हणेन. सगळ्या वर्गासमोर पुस्तक हातात घेऊन उभे राहायचे आणि त्यातले काहीच उमगत नाही, याहून मोठे दुःख आठ वर्षांच्या मुलाच्या वाट्याला शाळेत क्वचितच येते.

आमच्याकडे चौथीत एक मुलगा होता. तो धडा खडाखडा वाचत असे, म्हणून पहिले काही आठवडे आम्ही निश्चिंत होतो. जुलैमध्ये एके दिवशी मी त्याच्या शेजारी सतरंजीवर बसले आणि त्याच्या बोटाकडे पाहत राहिले. आवाज वाक्याच्या शेवटाला पोचला होता, तरी बोट ओळीच्या मध्यावर रेंगाळत होते. मग ते एकदम उडी मारून खालच्या ओळीवर गेले. पान उलटायची वेळ त्याला अचूक कळत होती, कारण शेजारचा मुलगा पान उलटत होता. त्याला धडा पाठ होता, वाचता येत नव्हता. मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून 'हे काय आहे?' असे विचारले, तेव्हा त्याने आधी माझ्याकडे, मग दाराकडे पाहिले आणि पोटात दुखते असे सांगितले. संध्याकाळी त्याची वही उघडली, तर त्या महिन्यात 'पोट दुखते म्हणून घरी गेला' अशी नोंद तीनदा सापडली आणि तिन्ही वेळा तास भाषेचा होता. पोटदुखी एका रजिस्टरात आणि वाचन दुसऱ्या रजिस्टरात असते, तर या दोहोंचा संबंध आम्हांला वर्षभर लागला नसता.

त्यानंतर आम्ही सर्व मुलांची वाचनपातळी तपासली. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' सर्वेक्षणातून २००५ पासून सर्वांच्या परिचयाची झालेली अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशी ती सोपी चढण आहे. मधल्या सुट्टीनंतरचा एक तास इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट केले. अर्थात चौथीतला मुलगा पहिली-दुसरीतल्या मुलांबरोबर बसणार, म्हणजे त्याची लाज आणखी वाढणार, ही भीती होतीच. गटांना फुलांची नावे दिली, पण कोणता गट मागे आहे हे मुलांना दोन दिवसांत कळते. नावाने ते झाकले जात नाही. उपयोग झाला तो दुसऱ्या गोष्टीचा. दर पंधरवड्याला गट पुन्हा पाडायचे, हे आम्ही कसोशीने पाळले. त्यामुळे कोणत्याच मुलाला आपण कायमचे इथलेच असे वाटले नाही आणि आज शेजारी बसलेला महिन्याभराने पुढच्या गटात गेलेला मुलांनी स्वतः पाहिला. त्या मुलाच्या वहीतली पोटदुखीची शेवटची नोंद सप्टेंबरातली आहे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी तो न पाहिलेली साधी वाक्ये वाचू लागला होता.

तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधी गणिते करता यावीत, हे ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट आहे आणि ते गाठण्यासाठी २०२६-२७ हे वर्ष ठरवलेले आहे. मात्र भयमुक्त शाळेत शिक्षण भक्कम होते, हे सांगण्यासाठी महाराष्ट्राला कोणत्याही अभियानाची वाट पाहावी लागलेली नाही. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केले ते याच विश्वासाने, आणि फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी मुले वाचायला कशी शिकतात या एकाच प्रश्नाला आयुष्यातली कित्येक वर्षे दिली.

आपण घरी एवढेच करून पाहा. पाठ्यपुस्तकातला धडा न घेता मुलाने पूर्वी न पाहिलेला चार-पाच ओळींचा मजकूर त्याच्यासमोर ठेवा आणि त्याने वाचल्यावर त्यात काय घडले ते गप्पांच्या ओघात विचारा. अडला तर रागावू नका. कुठे अडला ते लक्षात ठेवा आणि शाळेत जाऊन तेवढेच सांगा. 'तुम्ही शिकवत नाही' असे म्हटल्यावर शिक्षक स्वतःचा बचाव करू लागतो; 'जोडाक्षराशी अडतो' असे म्हटल्यावर तो वही उघडतो.

प्रश्न : पहिलीत आलेली मुले दोन-दोन महिने रडतात. आमच्या गावात घरी कोरकू बोलतात आणि मला ती नीट येत नाही. आई वर्गाच्या दाराशी उभी राहते, ती गेली की आकांत सुरू होतो. काय करावे? (एक शिक्षिका, धारणी तालुका)

आईला दाराशी उभे करू नका, आत बसवा. दाराशी उभी असलेली आई कोणत्याही क्षणी जाणार, हे मुलाला दिसत असते आणि म्हणून त्याची नजर तिच्यावरून हटत नाही. आम्ही जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात आयांना वर्गातच काम देत असू. कुणी चिंचोके मोजून दहा-दहाच्या पुरचुंड्या करी, कुणी जुन्या वह्यांची कोरी पाने शिवी. दुसऱ्या आठवड्यात त्या व्हरांड्यात बसत, तिसऱ्यात मधल्या सुट्टीपर्यंत थांबत. रोजंदारी बुडवून इतके दिवस बसणे सर्वांना जमत नाही; अशा वेळी आजी, मोठी बहीण किंवा अंगणवाडीच्या ताई यांपैकी ओळखीचा एक चेहरा वर्गात असला तरी पुरते. २०२२ पासून राज्यात प्रवेशापूर्वी शाळापूर्व तयारी मेळावे होतात आणि त्यांतून माता गट तयार होतात. ते गट मेळाव्याच्या छायाचित्रापुरते न ठेवता जूनमध्ये वर्गात आणले, तर रडण्याचे दिवस निश्चितच कमी होतात.

भाषेचा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो. मूल आईपासून दूर आले म्हणून रडते, तसेच समोरचे मोठे माणूस काय बोलते आहे ते कळत नाही म्हणूनही रडते. आमच्याकडे तांड्यावरची बंजारा मुले घरी गोरमाटी बोलतात. पहिलीतल्या एका मुलीला मी चित्रातली आई दाखवायला सांगितले, तर ती गप्प. मी पुन्हा सांगितले, थोडे मोठ्याने सांगितले. तिचे डोळे भरले. तिसरीतली तिची बहीण पलीकडून 'याडी' एवढेच म्हणाली आणि त्या मुलीने तत्काळ चित्रावर बोट ठेवले. माझ्या नोंदीत त्या दिवशी 'चित्र ओळखत नाही' असे लिहिले गेले असते आणि ते साफ खोटे ठरले असते. त्या दिवसापासून आम्ही भिंतीवर एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला गोरमाटी असे शब्द लावू लागलो, ते मुलांनीच सांगितलेले. आपल्याला कोरकू येत नसेल तर तिसरी-चौथीतली मुले आपले शिक्षक आहेत. त्यांच्याकडून रोज पाच शब्द शिका, आणि ते मुलांच्या देखत शिका. बाईंनाही एखादा शब्द चुकतो, तो पुन्हा विचारावा लागतो, हे पहिलीतल्या मुलाला दिसणे फार उपयोगाचे असते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात काम करताना हेच ओळखले होते. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्या मुलांच्या अंगणात गेल्या, आणि गुरे राखणारी मुले अंगणातही सापडत नाहीत असे दिसल्यावर कुरणात गेल्या. कुरणशाळा ती हीच.

प्रश्न : मी निवृत्त आहे, नातवंडे शाळेत जातात. आमच्या वेळी गुरुजींच्या हातात छडी होती आणि आम्ही शिकलो. आता धाकच उरला नाही. थोडा मार मुलाच्या भल्याचाच नाही का? (एक आजोबा, बार्शी)

नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचे सतरावे कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करते, म्हणजे छडीइतकाच 'ढ' हा शब्दही कायद्याला मंजूर नाही. आपण शिकलात ते आपल्या जिद्दीने, आजोबा. आपल्या वर्गातले जे छडीला घाबरून शाळा सोडून गेले, ते आज हे पत्र लिहायला नाहीत. शिस्त हवीच, त्याविषयी आपला-माझा मतभेद नाही. आमच्याकडे भांडण झाले की दोघांनीही आपापली बाजू सांगायची आणि सांगण्यापूर्वी समोरच्याने काय सांगितले ते आधी म्हणून दाखवायचे, असा नियम होता. त्याला वेळ लागतो. पण जानेवारीपर्यंत निम्मी भांडणे आमच्यापर्यंत येईनाशी झाली होती.

प्रश्न : आमच्या गावातली बरीच कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. वर्ग ओस पडतो. मागे राहिलेली मुले आजीजवळ कुढत असतात आणि गेलेली परत येतात तेव्हा सगळे विसरलेली असतात. एका वर्षाच्या नियोजनाचे येथे काय करायचे? (एक शिक्षक, बीड जिल्हा)

आपले पत्र वाचताना आपण माझ्याच शाळेविषयी लिहिले आहे असे वाटले. आमच्या ४१ मुलांपैकी १७ जणांचे आईवडील त्या वर्षी कोयत्यावर गेले होते. शहरातल्या वाचकांसाठी सांगते की, कोयता म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवराबायकोची जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ती फेडण्यासाठी गळीत हंगामभर, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर राहावे लागते. तेथे उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, संसार असतो. सोबत नेलेले आठ-नऊ वर्षांचे मूल, विशेषतः मुलगी, धाकट्या भावंडाला सांभाळते आणि वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करते.

म्हणून पहिले काम दिवाळीच्या आधीचे आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घरोघर जाऊन, मुलाला मागे ठेवता येईल का, हे आईवडिलांशी बोलावे लागते, आणि हे बोलणे एका भेटीत होत नाही. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीने वेळेत दिला, तर मागे राहणाऱ्या मुलांना गावातच सकाळ-संध्याकाळचे जेवण मिळते आणि रात्री ती आजी-आजोबांकडे झोपतात. आमच्या वह्यांत नोव्हेंबरमध्ये आजीजवळ राहिलेल्या मुलांच्या नावापुढे 'पहिल्या तासाला पेंगतो', 'लक्ष नाही' अशा नोंदी वारंवार आल्या होत्या. आम्हांला वाटले, आईची आठवण येते. आठवण होतीच, पण विचारल्यावर कळले की आजीला पहाटे चूल पेटवणे होत नाही आणि मुले रात्रीच्या जेवणावर थेट दुपारच्या खिचडीपर्यंत काढतात. सकाळचे जेवण सुरू झाले आणि त्यांतल्या बहुतेकांची पेंग गेली. मुलाच्या मनाविषयी तर्क करण्याआधी त्याने काय खाल्ले आहे ते विचारावे, हे मी त्या महिन्यात शिकले.

जी मुले सोबत जातात त्यांना शिक्षण हमी पत्रक अवश्य द्या. ते पाहून कारखान्याजवळच्या शाळेला मुलाची इयत्ता व पातळी कळते आणि प्रवेश देता येतो. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा आणि वयानुरूप वर्गात बसण्याचा हक्क कायद्याने त्याला दिलेलाच आहे. आम्ही पत्रकासोबत मुलाचे वाचायचे एक पातळ पुस्तक आणि टोक केलेल्या दोन पेन्सिली देत होतो.

हजेरी घेताना गेलेल्या मुलांची नावे आम्ही गाळली नाहीत. सुरुवातीला नाव पुकारले की वर्ग म्हणे, 'उसाला गेला.' काही दिवसांनी एका मुलाने स्वतःहून 'येणार आहे' असे उत्तर दिले आणि मग तेच रूढ झाले. त्यांच्या बसण्याच्या जागाही मुलांनी राखून ठेवल्या. पाडव्याच्या सुमारास मुले परतली, तेव्हा प्रत्येकाला आपली जागा रिकामी सापडली. परतलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी चाचणीला बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तीन-चार दिवस त्याला फडावरचे सांगू द्यावे. किती टनांची गाडी, किती मोळ्या, कारखाना किती कोस, हे सांगताना त्याचे गणित किती शाबूत आहे ते आपल्याला आपोआप दिसते.

आता ज्या एका गोष्टीविषयी सर्वाधिक पत्रे आली, त्या शनिवारच्या ध्वनिमुद्रणांविषयी. मागे राहिलेल्या मुलांच्या आयांशी बोलणे व्हायचे ते रात्री, मुकादमाच्या किंवा टोळीतल्या कुणाच्या तरी फोनवर, तेही रेंज असली तर. बऱ्याचदा मूल तोवर झोपलेले असे. पत्र पाठवून उपयोग नव्हता, कारण टोळी आज या शिवारात तर उद्या त्या, आणि बहुतेक आयांना वाचता येत नाही. तेव्हा आम्ही असे केले की, दर शनिवारी प्रत्येक मुलाने आपल्याला आवडलेला उतारा निवडायचा, तो माझ्या फोनवर मोठ्याने वाचायचा आणि ते ध्वनिमुद्रण व्हॉट्सॲपवर टोळीच्या फोनवर पाठवायचे. अटी दोनच होत्या. पुस्तकात पाहून वाचायचे आणि शेवटी एक वाक्य स्वतःचे बोलायचे.

तिसरीतली एक मुलगी पहिल्या शनिवारी 'स्वच्छ' या शब्दाशी अडखळली. मी म्हटले, असू दे, छान वाचलेस, पाठवते. तिने माझा हात धरला. 'नको बाई, आई म्हणेल हिला येत नाही.' तिने पुन्हा वाचले, पुन्हा तेथेच अडली. पाटीवर 'स्व' आणि 'च्छ' वेगवेगळे लिहून घेतले, दोन्ही अक्षरे पुटपुटत व्हरांड्यात एक फेरी मारली आणि पाचव्या खेपेला न थांबता वाचले. शेवटचे वाक्य तिचे होते : 'आई, शेळीला करडू झालंय, तू ये.' सोमवारी उत्तर आले. त्यात पाच-सहा सेकंद नुसत्या बैलांच्या घुंगरांचा आवाज होता, मग एक बाई म्हणाली, 'ऐकलं गं, आमच्या समद्या कोपीनं ऐकलं.' त्या मुलीने ते उत्तर किती वेळा ऐकले ते मी मोजले नाही. मात्र मार्चपर्यंत ती गोष्टीच्या पातळीला पोचली आणि तिच्यासाठी आम्ही वेगळे काहीही शिकवले नव्हते.

कराडच्या पालकांनी विचारलेल्या प्रश्नाचे माझे खरे उत्तर हेच आहे. त्या शनिवारी ती मुलगी जोडाक्षर शिकत होती की आईचा विरह सोसत होती, हे मला वेगळे काढून सांगता येणार नाही. २०२४ मध्ये शासनाने पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आणला, त्याचे मी स्वागतच करते. परंतु सोमवार ते शुक्रवार भीतीत काढलेल्या मुलाला एक शनिवार पुरणार नाही, हेही तितक्याच कळकळीने सांगावेसे वाटते.

प्रश्न : माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील नुकतेच वारले. ती शाळेत येऊ लागली आहे. तिच्याशी काय बोलावे हे मला समजत नाही, म्हणून मी काहीच बोललेले नाही. (एक शिक्षिका, पंढरपूर)

आपल्याला हे कठीण वाटते, यातच आपल्याला तिची किती काळजी आहे ते दिसते. माझ्या हातून घडलेली चूक सांगते, म्हणजे आपल्याला ती टाळता येईल. आमच्याकडे दुसरीतल्या एका मुलीचे वडील जानेवारीत गेले. तेरावा झाल्यावर ती शाळेत आली. मी तिला जवळ घेतले, खाऊ दिला आणि त्या विषयावर बोलायचे टाळले. पुढच्याच आठवड्यात नेहमीच्या क्रमाने 'माझे वडील' या विषयावर पाच ओळी लिहायला सांगितल्या. ती काही न लिहिता बसून राहिली. मधली सुट्टी झाल्यावर तिने वही माझ्यापुढे धरली. तिच्यावर फक्त शीर्षक होते. तिने विचारले, 'बाई, 'आहेत' लिहू का 'होते'?'

मी तिला 'होते' असे सांगितले, आणि मग आम्ही दोघी बोललो. घरी तिला वडील देवाघरी गेले असे सांगितले होते आणि तेथून माणसे कधी परततात, हे तिला कुणाला तरी विचारायचे होते. इतक्या लहान मुलांना आपले असे शब्दप्रयोग अक्षरशः खरे वाटतात. वडील वारले, आता ते परत येणार नाहीत, त्यात तुझी काही चूक नाही, आणि आई, आजी व आम्ही तुझ्याजवळ आहोत, एवढे साध्या शब्दांत सांगावे. तिसरे वाक्य विसरू नका. आपण हट्ट केला म्हणून असे झाले, असे मनात धरून बसलेली मुले मी पाहिली आहेत. ती येण्यापूर्वी वर्गाशीही बोलून घ्या, म्हणजे मुले टक लावून पाहणार नाहीत. अभ्यासात सवलत द्या, पण तिला कामातून वगळू नका. आमच्या मुलीला फळ्यावरची तारीख लिहायचे काम दिले होते आणि ते तिने एक दिवसही चुकवले नाही. महिना-दोन महिन्यांनंतरही ती जेवत नसेल, झोपत नसेल किंवा अजिबात बोलत नसेल, तर घरच्यांना विश्वासात घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवावे. तिला कुणाकडून त्रास होत असल्याची शंका आली, तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक अहोरात्र चालू असतो.

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे, बोलण्यात हुशार आहे; पण अजून 'ब' आणि 'व' यांत गोंधळतो, फळ्यावरचे उतरवताना अक्षरे गाळतो. शाळा म्हणते आळशी आहे. (एक आई, नाशिक)

आळशी हा शब्द तूर्त बाजूला ठेवू. आधी डोळे व कान तपासून घ्या. फळा नीट दिसत नसलेली मुले आळशी ठरवली जातात, हे मी अनेकदा पाहिले आहे. ते ठीक असेल आणि नियमित सरावानंतरही अडचण तशीच राहिली, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. साधारण आठव्या वर्षानंतर तिचे निदान खात्रीने करता येते आणि मोठ्या शासकीय व महापालिका रुग्णालयांत तशी सोय असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळाल्यास मुलाला परीक्षेत सवलती मिळतात. तोवर त्याचे बोलणे हुशारीचे आहे, हे त्याला रोज कळू द्या. त्याची उत्तरे काही दिवस तोंडी घ्या.

प्रश्न : आम्हांला वर्णनात्मक नोंदी वर्षातून दोनदा लिहाव्या लागतात आणि खरे सांगायचे तर त्या आम्ही छापील यादीतून उतरवतो. मतदार याद्या, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचा हिशेब यांतून वेळ उरत नाही. आपण ४१ वह्या कशा लिहिल्या, आणि वर्षअखेर त्यांचे काय केले? (एक शिक्षक, परभणी जिल्हा)

आपण खरे लिहिले, याबद्दल आपले आभार मानते. मुलाची प्रगती वर्षभर पाहणारी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत २०१० मध्ये आली, तेव्हा त्यामागचा हेतू फार चांगला होता; पण 'स्वच्छता पाळतो', 'खेळात उत्साहाने भाग घेतो' अशी तयार वाक्ये बाजारात मिळू लागली आणि एकाच वाक्याखाली तीस मुले गेली. ज्या नोंदीवरून मूल ओळखता येत नाही ती नोंद लिहिण्यात गेलेला वेळ वायाच जातो. मी वेळ वाचवला तो तेथेच. दिवसभरात सात-आठ मुलांविषयी प्रत्येकी दोन ओळी, त्याही जे दिसले आणि ऐकले तेवढ्याच : 'हातच्याची वजाबाकी करताना बोटे सतरंजीखाली लपवून मोजली.' एवढे लिहायला पंधरा मिनिटे लागत. सत्राच्या शेवटी याच ओळींतून वर्णनात्मक नोंदी निघत, त्यासाठी वेगळे बसावे लागत नसे.

अशैक्षणिक कामांविषयीची आपली तक्रार मला पूर्ण मान्य आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य काम शिक्षकांना देऊ नये, असे शिक्षण हक्क कायद्याचे सत्ताविसावे कलम सांगते, आणि तरीही आपले दिवस कसे जातात ते आपण जाणतोच. त्या वर्षी असे कित्येक दिवस आले की एकही वही उघडली गेली नाही. फेब्रुवारीतला एक अख्खा आठवडा कोरा आहे. तो मी मागाहून भरला नाही. तसे केले असते तर बाकीच्या पानांवरचाही माझा विश्वास उडाला असता.

वह्यांचे म्हणाल तर त्या कपाटात कुलूपबंद होत्या आणि आम्हां दोघांखेरीज कुणीही त्या वाचल्या नाहीत. मुलाने आपल्याला विश्वासाने सांगितलेले असते. ते गावभर होऊ नये. पालकांना आम्ही त्यातले आवश्यक तेवढे तोंडी सांगत होतो. चौथीची नऊ मुले पाचवीसाठी शेजारच्या गावी जाणार होती. त्यांच्या नव्या वर्गशिक्षकांसाठी आम्ही प्रत्येकाविषयी एकच पान लिहिले. जुनी भांडणे, घरातल्या अडचणी, कोणता मुलगा कधी रडला, हे त्यात घातले नाही. मुलाला काय येते, पुढे काय शिकवायला हवे आणि ते शिकवताना काय सांभाळायला हवे, एवढेच ठेवले. १ मे रोजी निकाल देताना ती पाने मी आधी त्या त्या मुलाला वाचून दाखवली आणि काही चुकले आहे का, असे विचारले.

बोट आणि आवाज वेगवेगळे चालणारा तो मुलगा त्या नऊ जणांत होता. त्याच्या पानावर लिहिले होते : 'परिच्छेद समजून वाचतो. गोष्ट वाचताना जोडाक्षरांशी थांबतो. नवा मजकूर दिल्यास आधी मनात वाचायला वेळ द्यावा, मग मोठ्याने वाचतो.' मी ते वाचून दाखवायला लागले, तेव्हा त्याने पान माझ्या हातातून घेतले, भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभा राहिला आणि मग वळून ते त्यानेच मला वाचून दाखवले.